‘पश्चात्ताप’ आणि थोपवलेला ईमेल

एका वाचकाने विचारले आहे की, नुकताच पाठवलेला ईमेल परत घ्यावासा वाटतो त्या भावनेला ‘पश्चाताप’ म्हणावे की ‘हुरहूर’, आणि ‘अनसेंड’ला मराठीत काय म्हणावे. प्रथम ‘पश्चाताप’ हे लेखन सोडून द्यावे. ते इतके बोकाळले आहे की वाचताना जीव विटतो. ‘पश्चात्’ अधिक ‘ताप’, म्हणून दोन त हवेतच. ‘हुरहूर’ विरहाची किंवा प्रतीक्षेची असते. तिचा येथे संबंध नाही.

खरा आनंद ‘पाठवणे’ या शब्दात आहे. काही जण त्याचा संबंध शरीराच्या पाठीशी जोडतात. ही व्युत्पत्ती साफ चुकीची आहे, कारण पाठ ‘पृष्ठ’पासून आली, तर ‘पाठवणे’ हे संस्कृत ‘प्रस्थापयति’पासून प्राकृतातून मराठीत उतरले. त्याच्या मुळाशी ‘स्था’, म्हणजे उभे राहणे, हा धातू आहे. निघण्याच्या क्रियेच्या पोटात असे उभे राहणे दडलेले आहे, आणि जीमेल नेमके तेच करते: ‘पाठवा’ दाबल्यावरही पत्र काही काळ दारातच उभे असते. 2009 साली ही सोय प्रयोग म्हणून आली तेव्हा अवघे 5 सेकंद मिळत. आता ही मुदत 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. जे निघालेलेच नाही ते ‘परत घेतले’ कसे म्हणावे? त्याला ‘थोपवणे’ म्हणावे, असे माझे ठाम मत आहे.

या मुदतीतल्या भावनेला पश्चात्तापही म्हणता येणार नाही, कारण ‘पश्चात्’ अजून उजाडलेलेच नसते. ‘सोबत जोडले आहे’ असे लिहून काहीच जोडले नाही हे ध्यानात आले की लागते ती चुटपुट. ज्याच्याविषयी तक्रार लिहिली त्याचेच नाव पत्त्याच्या रकान्यात दिसले की काळजात धस्स होते. पश्चात्ताप, किंवा त्याचेच घरगुती रूप ‘पस्तावा’, मुदत टळल्यावरचा.

आउटलुकच्या ‘रिकॉल’ची गोष्ट निराळी आहे. तेथे पत्र समोरच्याच्या पेटीत पोहोचलेले असते, ते काढून घेण्याचा प्रयत्न सहसा एकाच संस्थेच्या आतच सफल होतो, आणि कधी कधी त्या प्रयत्नाची सूचनाही समोरच्याला मिळते. तेवढ्यासाठी ‘परत बोलावणे’ खुशाल वापरावे.