मुख्याध्यापकपदाची तयारी आधीपासून

प्रश्न : अनुदानित माध्यमिक शाळेत 21 वर्षे गणित शिकवते. सेवाज्येष्ठतेनुसार दोन वर्षांनी मुख्याध्यापकपद माझ्याकडे येईल. वर्ग सांभाळता येतो, पण शाळा कशी चालवायची हे कुणी शिकवलेलं नाही. शालेय व्यवस्थापनाची पदविका करावी, की ती कागदावरच राहते?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. खाजगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत ज्येष्ठता, बी.एड. आणि अध्यापनाचा अनुभव यांना महत्त्व आहे. पदविकेमुळे ज्येष्ठता यादीत कुणी वर सरकत नाही. तेव्हा ती पदासाठी करू नका, कामासाठी करा.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका नोकरी सांभाळून करता येते. दिल्लीच्या ‘नीपा’ या शैक्षणिक नियोजन व प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेतल्या राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राचे ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी एवढंच विचारा : दोन सत्रांच्या मधे स्वतःच्या शाळेत करायचं काम आहे का, आणि ते कुणी तपासतं का? नुसती व्याख्यानं ऐकून आलेला माणूस जूनमध्ये पुन्हा जुन्याच वेळापत्रकात अडकतो.

सगळ्यात जास्त सराव लागतो तो वर्गनिरीक्षणाला. बहुतेक ठिकाणी ते फसतं, कारण शिक्षकाला ती तपासणी वाटते. मुख्याध्यापक न सांगता मागच्या बाकावर येऊन बसतात, शेरेपुस्तकात ‘फलकलेखन सुधारावे’ लिहितात आणि जातात. त्या तासाला वर्ग गप्प, शिक्षक ताठ, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत.

नीट करायचं तर आदल्या दिवशी दहा मिनिटं बोला : ‘मी नेमकं काय पाहू?’ एकच गोष्ट ठरवा. समजा, उत्तरं कोण देतं हे पाहायचं. मग बाकांचा कच्चा नकाशा काढा आणि जो विद्यार्थी बोलेल त्याच्या जागी खूण करा. बाकी काही लिहू नका. त्याच दिवशी पंधरा मिनिटं बसा. आधी शिक्षकाला बोलू द्या, मग नकाशा समोर ठेवा. मागचे दोन बाक कोरे असतील तर तुम्हाला वेगळं काही सांगावंच लागत नाही. एक बदल दोघांनी मिळून ठरवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच तासाला जा. हा कागद शेरेपुस्तकात चिकटवू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी मोकळं बोलणार नाही.

याची सुरुवात आजच करता येईल, तीही स्वतःच्या वर्गापासून. सहकाऱ्याला तुमच्या गणिताच्या तासाला बोलवा आणि नकाशा काढायला सांगा. तुमचा वर्ग आधी पाहिला गेला असेल, तर उद्या तुम्ही इतरांच्या वर्गात गेलात तरी कुणाला खटकणार नाही.

दुसरं काम नोंदींचं. सध्याच्या मुख्याध्यापकांना विनंती करून एक महिना पोषण आहाराची नोंदवही सांभाळा. पाचवीला माणशी 100 ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. पाचवीत 40 आणि वरच्या वर्गांत 120 मुलं हजर असतील, तर 4 आणि 18 मिळून 22 किलो. चूक होते ती इथे : हजेरी घेण्याआधीच पटावरून आकडा लिहिला जातो, आणि महिनाअखेर पोती व वही जुळत नाहीत. बदली तासिकांचं, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या तासांचं, वाटपही एक सत्र स्वतःकडे घ्या. कुणावर सारखा भार पडतो आणि कोण कायम सुटतं, हे तिथे दिसतं. शिक्षकांमधली निम्मी नाराजी तिथूनच सुरू होते, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : 2020 च्या शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण अपेक्षित आहे. मी प्रभारी मुख्याध्यापक आहे. ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर व्हिडिओ पाहून तास भरतात, शाळेत काही बदलत नाही.
– जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक

उत्तर : विषय फार घेतले की असं होतं. वर्षाला एकच अडचण निवडा, उदाहरणार्थ तिसरीतली न वाचणारी मुलं. व्हिडिओही त्याच विषयाचे पाहा. प्रत्येकानंतर एक कृती वर्गात करा आणि तिचा निकाल तुमच्या केंद्राच्या, म्हणजे परिसरातल्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मांडा. तिथे परिपत्रक वाचनातच वेळ जात असेल, तर केंद्रप्रमुखांकडून आधीच वीस मिनिटं मागून घ्या. हीच अडचण शाळा विकास आराखड्यात पहिल्या क्रमांकावर लिहा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तयार कागदावर त्यांच्या सह्या घेऊ नका, बैठकीत मुलांचं वाचन प्रत्यक्ष ऐकवा.