जीभ अडखळते, तरी पाचारण आहे का?

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून धर्मगुरू व्हावंसं वाटतंय. पण मी बोलताना अडखळतो. मिस्सात (चर्चमधल्या सामूहिक उपासनेत) वाचन करताना ‘प्रभू’च्या ‘प्र’वरच अडकलो, मागे कुणीतरी हसलं. मार्क बेताचे, प्रार्थनेतही मन भरकटतं. दर गुरुवारी अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांना स्तोत्र वाचून दाखवतो, तेवढीच माझी सेवा; मी अडकलो की ते डोळे मिटून थांबतात आणि संपल्यावर ‘पुन्हा एकदा वाच’ म्हणतात. माझ्यासारख्याला देव कशाला बोलावेल?

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रात उणिवांची यादी लांबलचक आहे आणि आजोबांना एकच वाक्य मिळालंय. मी मात्र त्या वाक्यापाशीच थांबलो.

आधी मोशेकडे जाऊ. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचे तिसरा आणि चौथा अध्याय एका बैठकीत वाच. इस्राएली लोकांना इजिप्तच्या गुलामीतून सोडवायला देव मोशेला बोलावतो. ‘मी कोण असा लागून गेलो?’ असं मोशे विचारतो. ‘तू फार मोठा आहेस’ असं देव म्हणत नाही. ‘मी तुझ्याबरोबर असेन’ एवढंच सांगतो. मग मोशे आपली जीभ जड असल्याचं सांगतो, तेही देव खोडून काढत नाही. माणसाला तोंड कुणी दिलं, असा उलट प्रश्न करतो. देवाला राग येतो तो शेवटी, ‘दुसऱ्या कुणाला तरी पाठव’ म्हटल्यावर, आणि त्या रागातही तो मोशेच्या भावाला, अहरोनाला, सोबतीला देतो. पुढे देवाला सोडून लोकांनी पुजलेलं सोन्याचं वासरू घडवलं ते याच बोलक्या अहरोनाने. घडाघडा बोलता येणं म्हणजे लायकी, हा हिशेब तिथेच मोडतो.

अभ्यासाची धास्ती वाटत असेल तर जॉन मरी व्हियानी या फ्रेंच धर्मगुरूंचं चरित्र बघ. लॅटिन डोक्यात शिरेना म्हणून ते सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, मागे पडले. शेजारच्या गावच्या धर्मगुरूंनी त्यांना घरी बसवून शिकवलं, त्यांच्यासाठी शब्द टाकला, आणि १८१५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली, ते धर्मगुरू झाले. १८१८ मध्ये त्यांना आर्स या फ्रान्समधल्या छोट्याशा गावी पाठवलं. पुढे तिथे पापनिवेदनासाठी (धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला) इतकी माणसं येऊ लागली की दिवसाचे सोळा-सोळा तास ते त्यातच असत. १९२५ मध्ये त्यांना संत घोषित केलं गेलं. मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे : आपण या कामाला लायक नाही असं वाटून त्यांनी आर्स सोडून जायचा प्रयत्न एकदा नव्हे, अनेकदा केला. म्हणजे ती भावना दीक्षेनंतरही गेली नव्हती. ती गेल्यावर पाऊल टाकू म्हणशील, तर जागचा हलणार नाहीस.

आता एक कठीण प्रश्न, तो तुला विचारायलाच हवा. अडखळतो म्हणून नोकरीच्या मुलाखतींची धास्ती आहे आणि सेमिनरी ही त्यातली पळवाट वाटते, असं तर नाही ना? उत्तर मला कळवू नकोस, देवासमोर बसून स्वतःला दे. तुला पाचारण आहे की नाही हे पत्रावरून मी सांगू शकत नाही, आणि ते ठरवणारा तू एकटाही नाहीस. ते चर्चने पारखायचं असतं. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचं शिक्षण, मग डीकनपद (धर्मगुरू होण्याआधीची पायरी), मग गुरुदीक्षा. वाटेत तुलाही थांबता येतं आणि वरिष्ठांनाही ‘हा तुझा मार्ग नव्हे’ असं सांगता येतं. आज तुला जन्माचा निर्णय घ्यायचा नाहीये, दार ठोठवायचंय.

पदवी मात्र पूर्ण कर, ती अर्धवट टाकू नकोस. अडखळण्यावर उपाय म्हणून स्पीच थेरपिस्टला भेट, त्याने देवावरचा विश्वास कमी होत नाही. आणि तुझ्या फादरांना हे सगळं सांग, उणिवांसकट. तुलाही शिकवणारं, तुझ्यासाठी शब्द टाकणारं कुणीतरी लागणार आहे.

राहिले आजोबा. तू सहज लिहून गेलास की तू अडकलास की ते डोळे मिटून थांबतात, आणि संपल्यावर म्हणतात, ‘पुन्हा एकदा वाच.’ दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या जिभेचं काय होतं, याकडे कधी लक्ष दिलंयस? येत्या गुरुवारी दे, आणि फादरांशी बोलताना सुरुवात तिथूनच कर.