पट्टीतल्या रकमांसाठी टेबलांची आखणी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

लातूरच्या आडत दुकानाच्या डेटाबेससाठी तू आखलेले टेबल मी बारकाईने पाहिले. शेतकऱ्याच्या पट्टीवरील, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदावरील, हमाली, तोलाई, बारदाना, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अशा प्रत्येक रकमेला तू स्वतंत्र कॉलम दिला आहेस. छापील पट्टी तशीच असते, त्यामुळे असे सुचणे स्वाभाविक आहे. परंतु उद्या चाळणीचा खर्च वेगळा दाखवायचे ठरले, तर टेबल, नोंदीची स्क्रीन आणि सगळे अहवाल तुला बदलावे लागतील, आणि जुन्या नोंदींतला रिकामा कॉलम पाहून खर्च झालाच नव्हता की तो तेव्हा वेगळा लिहीत नव्हते, हे कळणार नाही.

म्हणून तीन टेबले कर. पहिल्यात पट्टीचा क्रमांक, तारीख आणि शेतकरी. दुसऱ्यात रकमांचे प्रकार, आणि प्रत्येक प्रकार जमेचा की कपातीचा याची खूण. तिसऱ्यात प्रत्येक रकमेची एक ओळ, जी फॉरेन कीने, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमने, पहिल्या दोन्हींशी बांधलेली असेल. बंद झालेला प्रकार पुसू नकोस, निष्क्रिय कर.

माझा सर्वाधिक आग्रह दराविषयी आहे. समज, 12 पोत्यांची हमाली 14 रुपयांनी 168 रुपये झाली. हा दर तू फक्त प्रकाराच्या टेबलात ठेवलास आणि पुढे तो 15 झाला, तर जुनी पट्टी पुन्हा छापताना 180 रुपये दिसतील आणि शेतकऱ्याच्या हातातल्या कागदाशी तिचा मेळ बसणार नाही. तेव्हा नग, त्या दिवशीचा दर आणि रक्कम ही तिन्ही त्या ओळीतच लिही. निव्वळ देणे मात्र ओळींच्या बेरजेतून काढ. प्रत्यक्ष दिलेले पैसे, मग ते रोख असोत वा बँकेतून, ही वेगळी घटना आहे आणि तिला वेगळे टेबल हवे.

रकमेसाठी फ्लोट हा अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार वापरू नकोस, त्यात 0.1 आणि 0.2 यांची बेरीजही नेमकी 0.3 येत नाही. डेसिमल (12,2) घे, म्हणजे एकूण 12 अंक आणि त्यांतले 2 दशांश चिन्हानंतरचे, नेमके साठतील. रक्कम ऋण नसावी अशी चेक अटही (चुकीची नोंद डेटाबेसनेच नाकारावी अशी अट) घाल, परंतु दुकानातले मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर 8.0.16 च्या आधीचे असेल तर ती अट निमूट स्वीकारली जाते आणि पाळली जात नाही, हे ध्यानात ठेव.

एका पट्टीत एक प्रकार एकदाच यावा म्हणून युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम) लावण्यापूर्वी मुनीमजींना अवश्य विचार, कारण वेगवेगळ्या तारखांना दिलेल्या दोन उचली एकाच पट्टीतून कापल्या जात असतील, तर ती की खरी नोंदच अडवेल.

तुझा शुभचिंतक