मीठ घातल्यावर पटल मऊ झालं की रिकामं?

प्रश्न : मी जैवभौतिकीची विद्यार्थिनी आहे. डीओपीसी या लिपिडची (पेशीपटल ज्यांचं बनतं त्या स्निग्ध रेणूंपैकी एक) मोठी व्हेसिकल्स (लिपिडच्या पटलाचे पोकळ गोळे) १०० मिलिमोलर (संहतीचं एकक) सुक्रोजमध्ये तयार केली आणि त्यांचा एक थेंब १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये सोडला. गोल गरगरीत व्हेसिकल्स काही मिनिटांत लुळी पडली, कडा जोरात थरथरू लागल्या. मिठामुळे पटल मऊ होतं, असं मी वहीत लिहिलं. माझी मैत्रीण म्हणते, मिठाने पटल घट्ट होतं असं तिने वाचलंय. बरोबर कोण?

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते खरंच घडलं, पण त्याचा अर्थ लावायची घाई झाली. सुक्रोजचा रेणू पाण्यात अख्खा राहतो; मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात. म्हणजे परासरणाच्या हिशेबात तुमचं १०० मिलिमोलर मीठ जवळजवळ २०० भरतं. पटलातून पाणी सहज जातं, आयन आणि साखर जवळपास जातच नाहीत. त्यामुळे आतलं पाणी बाहेर आलं आणि प्रत्येक व्हेसिकलचं आकारमान निम्म्याच्या आसपास उतरलं. पटल तेवढंच, आतला ऐवज निम्मा. उशीतला अर्धा कापूस काढला की अभ्रा लोंबतो, म्हणून अभ्र्याचं कापड मऊ झालं असं आपण म्हणत नाही.

हे मी इतक्या ठासून सांगतो, कारण संशोधनाच्या पहिल्या वर्षी माझे तीन महिने याच चुकीत गेले. आलेख सुरेख येत होता: मीठ वाढवावं तशी थरथर वाढत होती. शेवटी आतलं आणि बाहेरचं द्रावण ऑस्मोमीटरवर (द्रावणात विरघळलेल्या कणांची एकूण संहती मोजणारं यंत्र) मोजलं, बाहेरच्यातलं मीठ तेवढंच ठेवून दोन्ही आकडे जुळवले आणि तो आलेख जवळपास सपाट झाला. त्या दिवसापासून ऑस्मोमीटरचा आकडा वहीत नसेल, तर मी पुढचं पान वाचत नाही.

आता खरा ताठपणा. पटल वाकवायला किती ऊर्जा लागते, याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ हेल्फ्रिश यांनी १९७३ मध्ये मांडलं. डीओपीसीसारख्या द्रवरूप पटलासाठी हा आकडा १०⁻¹⁹ ज्यूलच्या आसपास, म्हणजे रेणूंच्या उष्णताजन्य ऊर्जेच्या साधारण वीसपट आहे. इतका कमी, म्हणूनच नुसत्या पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी कड हलते. दहा मायक्रॉन त्रिज्येच्या, जरा सैल व्हेसिकलची कड फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली (पारदर्शक वस्तूंच्या कडा ठळक दाखवणारा) अर्धा मायक्रॉन आतबाहेर होताना दिसते. ते पाहताना आजही मी मोजणी विसरतो. कडेची हजारो चित्रं घेऊन कड किती हलली त्या अंतराच्या वर्गाची (स्क्वेअरची) सरासरी काढायची. पटल जितकं ताठ, तितकी ती कमी. (कॅमेऱ्याचा एक्स्पोजर लांबला तर जलद हेलकावे पुसले जातात आणि पटल आहे त्याहून ताठ भासतं. हेही तपासा.)

मिठाचा परिणाम लिपिडवर भार आहे की नाही, यावर ठरतो. लिपिड रेणूंच्या डोक्यांवर (पाण्याकडे तोंड असलेल्या टोकांवर) ऋणभार असेल तर शेजारी एकमेकांना ढकलतात आणि पटल वाकवणं महाग पडतं. मीठ हे ढकलणं झाकून टाकतं: १ मिलिमोलर मिठात भाराचा प्रभाव साधारण १० नॅनोमीटरपर्यंत पोचतो, १०० मिलिमोलरमध्ये जेमतेम १ नॅनोमीटर. पटलाची जाडीच चार-पाच नॅनोमीटर. त्यामुळे भारित पटल मिठात खरोखर मऊ होतं.

डीओपीसीवर निव्वळ भार नाही. तिथे झाकायला फारसं काही नसतं आणि तुम्ही वापरलेल्या संहतीला साध्या मिठाचा परिणाम, माझ्या मते, किरकोळ आहे. छापून आलेले निष्कर्ष मात्र दोन्ही बाजूंचे आहेत, आणि त्यातला काही गोंधळ वेगवेगळ्या मोजणीपद्धतींचा आहे. अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या (अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणारं यंत्र) टोकाने पटल भोसकायचं असेल, तर मिठाच्या पाण्यात जास्त जोर लागतो. मैत्रिणीने बहुधा हेच वाचलं असावं. ते चूक नाही. पण भोसकणं वेगळं आणि वाकवणं वेगळं.

कॅल्शियमची गोष्ट निराळी. फॉस्फॅटिडिलसेरीन या ऋणभारित लिपिडच्या पटलाला तो मिळाला की शेजारच्या डोक्यांना एकत्र आवळतो, त्यांच्यामधलं पाणी हाकलतो आणि पटल घट्ट होतं. म्हणून ‘मीठ’ एवढंच लिहू नका, आयनचं नाव लिहा.

प्रयोग पुन्हा करताना मीठ आत आणि बाहेर, दोन्हीकडे सारखं ठेवा. मिठात विद्युतक्षेत्राने व्हेसिकल्स फुगवणं (म्हणजे तयार करणं) अवघड जातं, पण त्या क्षेत्राची वारंवारिता १० हर्ट्झवरून ५०० हर्ट्झच्या आसपास नेली की जमतं. मग बाहेर किंचित ग्लुकोज घालून थोडंसंच सैल करा.

प्रश्न : सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घेतलं तर? (त्याच विद्यार्थिनीकडून)

उत्तर : पोटॅशियम पटलाला सोडियमपेक्षाही कमी चिकटतो, त्यामुळे डीओपीसीवर आणखी कमी फरक अपेक्षित आहे. क्लोराइडच्या जागी आयोडाइड किंवा थायोसायनेट घेऊन पाहा. हे मोठे ऋण आयन डोक्यांच्या थरात शिरून बसतात आणि मुळात भार नसलेल्या पटलाला ऋणभार देतात. ती मोजणी केलीत तर आकडे मला पाठवा, ऑस्मोमीटरच्या आकड्यांसकट.