एमआरडीत, म्हणजे दवाखान्याच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात यायचंय ना, मग हे आधी वाच भो

कॉम्प्युटर येतो म्हणजे झालं असं नाही भो. मेडिकल रेकॉर्डचं खरं काम म्हणजे डॉक्टरचं अक्षर लावणं आणि आजाराला बरोबर आयसीडी-१० कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला नंबर) देणं, आता बघ, टाइप २ डायबेटीस ई११, पण त्याच्यामुळे किडनी बिघडली असेल तर ई११.२, आणि साधा ई११.९ टाकून मोकळा झालास की इन्शुरन्सचा क्लेम क्वेरीत, म्हणजे कंपनीच्या शंकांत अडकतो आणि मग डिस्चार्जची फाइल घेऊन वॉर्डात तूच पळतो. मी पहिले सहा महिने तेच केलं, जळगावच्या उन्हात दोन बिल्डिंगांमधे!

बारावी सायन्स असेल तर बरं, अॅनाटॉमी आणि मेडिकल टर्म्स मात्र पाठच कर. मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ नीट शिकून घे, तिथे "हार्ट बंद पडलं" हे कारण चालत नाही, मूळ आजार लागतो. एमएलसीच्या, म्हणजे पोलिस केसच्या फायली कुलपात, नातेवाईक कितीबी ओळखीचा असो, लेखी अर्जाशिवाय कागद द्यायचा नाही.

कोडिंगची सीपीसी (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) परीक्षा नंतर दे, पुण्याला जायचं असेल तर. आधी धुळे-जळगावात एखाद्या दवाखान्यात फायली हाताळ.