चार वर्षांची मुलगी पाटीला हातच लावत नाही, अक्षरं कशी शिकवू?

पाटी महिनाभर बाजूला ठेवा. परातीत ज्वारीचं पीठ पसरा, त्यात बोटानं गिरवू द्या. चुकलं की परात हलवली, झालं. आमच्या परभणीकडं भाकरी थापायला बसलं की लेकरू आपोआप शेजारी येतं, तीच वेळ धरा. १० मिनिटं पुरे.

सुरुवात 'अ'पासून नको, त्याचं वळण अवघड. ग, म, भ, न घ्या. नाहीतर आधी 'व': त्याच्या पोटात तिरपी रेघ मारली की 'ब', बाहेर शेपूट काढलं की 'क'. पोळ्याला बैल करतो ती काळी माती मळून वळ्या करून द्या. माझ्या भाचीनं 'व'ला एक वळी चिकटवली अन् ओरडली, "मावशे, ह्याला शेपूट आलं!" तिला 'क' परत शिकवावा लागला नाही.

काचपेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली तरी चालतं, मारिया माँटेसरींची ही जुनी युक्ती. बोट फिरवताना नुसतं 'क' म्हणा, 'कमळाचा' नंतर.

चिंचोके मांडून अक्षर करायचं असेल तर मात्र जवळ बसा. आमच्या पुतण्यानं एक नाकात घातला होता.