“घरात कुणी गेलंय का रे?”

“दाढी केली की पोरगा दिसतो, वाढवली की गुंड. लोकांना मी नेमका कसा दिसतो तेच कळेनासं झालंय.” समुपदेशकासमोरच्या खुर्चीत टेकता टेकताच त्याने हे सांगून टाकलं. वय 27, मूळ गाव सातारा जिल्ह्यात, डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात लागलेला. चार महिन्यांपूर्वी शिफ्ट सुपरवायझर झाला आणि हाताखाली 18 माणसं आली. त्यातली निम्मी चाळिशीपुढची. ती याला “ए बाळा” म्हणायची. काम सांगितलं की हसून मान डोलवायची आणि आधी चहा प्यायची. मग त्याने दीड महिना दाढीला हातच लावला नाही. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

“बाळा” बंद झालं. पण आता तो कँटीनमध्ये शिरला की टेबलावरचं बोलणं थांबायचं. गावी गेला तर आईने दारातच विचारलं, “घरात कुणी गेलंय का रे? हे काय तोंड करून आलायस?” मुलगी बघायला गेले, तेव्हा मुलीच्या मामांनी पोह्यांची बशी पुढे करत म्हटलं, “पाहुणे, मध्यंतरी तब्येत बिब्येत बरी नव्हती का?” तिकडून नकार आला. कारण कुणी सांगितलं नाही, पण याच्या हिशेबी ते ठरलेलं होतं.

दाढीची तक्रार घेऊन सहसा कुणी समुपदेशकाकडे येत नाही. झोप लागत नाही, लग्न जमत नाही, ऑफिसात कुणी मोजत नाही, असं काहीतरी घेऊन येतात आणि दाढी मध्येच कुठेतरी निघते. याने सुरुवातच तिथून केली, त्यामुळे काम जरा सोपं झालं.

आधी एक गोष्ट तपासावी लागते: अडचण दिसण्याची आहे की दिसण्याच्या ध्यासाची. दिवसात चेहऱ्याचा विचार एकूण किती वेळ चालतो? आरशात, मोबाइलच्या काळ्या काचेत, उभ्या गाडीच्या खिडकीत किती वेळा डोकावणं होतं? दिसण्यापायी कुठे जायचं टाळलंय का? रोज तासाभराहून जास्त वेळ त्यातच जात असेल आणि त्यापायी काम किंवा माणसं सुटत असतील, तर दाढीवर चर्चा करत बसू नये, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावं. इथे वेळ निघाला वीसेक मिनिटांचा. कामाला एकदाही दांडी नव्हती. तेव्हा त्याच्या हातात एक वही दिली.

वहीत तीन रकाने, मुदत 14 दिवस. पहिल्यात कोण. दुसऱ्यात नेमकं काय म्हणालं किंवा काय केलं. तिसऱ्यात मला त्यातून काय वाटलं. दुसऱ्या रकान्याची अट कडक: कॅमेऱ्यात टिपलं गेलं असतं तेवढंच लिहायचं. “रागाने बघितलं” चालणार नाही. “माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे बघितलं” चालेल. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण मनातलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं आपण एकाच दमात सांगतो. यानेही पहिले तीन दिवस दुसऱ्या रकान्यात “तुच्छतेने” हाच शब्द भरला होता. तो खोडून पुन्हा लिहायला लावला.

दोन आठवड्यांनी नोंदी झाल्या 23. त्यांत दाढीचं नाव निघालेल्या 6, आणि त्या सहापैकी चार आईच्या. कँटीनमधल्या तिन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा त्याचं त्यालाच दिसलं की तिन्ही वेळा याच्या हातात प्रॉडक्शनची शीट होती आणि तिन्ही वेळा पहिला शब्द याने काढला नव्हता. शीट घेऊन, न बोलता येणारा सुपरवायझर बघून कोणती माणसं गप्प होणार नाहीत?

म्हणून दाढीचा काही संबंध नाही असं मात्र नाही, आणि तसं सांगून धीर देणं खोटं ठरलं असतं. यावर मोजमापं झालेली आहेत. एकाच माणसाचे दाढीसह आणि दाढीशिवायचे फोटो न्यूझीलंड आणि सामोआतल्या लोकांना दाखवले गेले, तो अभ्यास 2012 चा. दाढीत तोच माणूस वयाने आणि मानाने मोठा वाटला, रागावलेला असेल तर जास्त आक्रमकही वाटला. देखणा मात्र वाटला नाही. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात बायकांना सगळ्यांत आवडले ते साधारण दहा दिवसांचे दाट खुंट. पूर्ण दाढीला गुण मिळाले ते “चांगला बाप होईल” या खात्यावर. ही पसंती भोवतालावरही हलते: आसपास सगळेच दाढीवाले असले की दाढीचं कौतुक उतरतं, असं 2014 मध्ये दिसलं.

याच्या कामाची गोष्ट निघाली 2019 च्या अभ्यासात. दाढी असलेल्या चेहऱ्यावरचा राग लोक लवकर आणि अचूक ओळखतात. हसण्याच्या बाबतीत दाढीचा असा फायदा होत नाही. मात्र दाढीतला माणूस हसतोय हे कळलं, की तो गुळगुळीत चेहऱ्याच्या हसऱ्या माणसापेक्षा जास्त भला वाटतो. म्हणजे दाढी आवाज वाढवते, सूर ठरवत नाही. कपाळाला आठ्या असतील तर आठ्या मोठ्या होतात.

याच्या मिशा वरच्या ओठावर उतरल्या होत्या. हसला तरी ओठांची कड दिसत नव्हती, डोळ्यांनी हसायची सवय नव्हती. दोन गोष्टी ठरल्या. मिशीचे केस ओठाच्या कडेपाशी कात्रीने सरळ कापायचे, दर चार-पाच दिवसांनी. आणि शॉपफ्लोअरवर माणूस दहा पावलांवर आला की नाव घेऊन आवाज द्यायचा, शीटकडे नंतर बघायचं. “काय मामा, काल रात्रपाळी होती ना?” एवढं पुरे. चाळिशीतल्या माणसाला सुपरवायझरची दाढी चालते, मुकेपणा चालत नाही.

आईचं प्रकरण वेगळं होतं आणि त्यावर दोन भेटी गेल्या. त्याला वाटत होतं आईला तो विद्रूप वाटतो. आईने विचारलं होतं भलतंच. आपल्याकडे वाढलेली दाढी म्हणजे आधी बातमी असते. सुतकात दाढी करत नाहीत, दहाव्याला क्षौर होतं. श्रावण पाळणारे महिनाभर वस्तरा लावत नाहीत. बायको गरोदर असताना दाढी न करण्याची रीत काही घरांत आहे, कुणाचा नवस असतो. यांपैकी काहीच नसेल तर उरतं आजारपण, दारू नाहीतर प्रेमभंग. गावाकडच्या बाईला पोराच्या गालावर दीड महिन्याचं रान दिसलं, तर ती यादी वरून खाली वाचत जाते. मामांनी तब्येतीचं विचारलं तेही याच यादीतून. गंमत अशी की त्याच गावातली पोरं शिवरायांसारखी दाढी कोरून, कपाळाला चंद्रकोर लावून फिरतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. फरक आहे तो कोरण्याचा. कडा दिसल्या की दाढी ठेवलेली असते, न दिसल्या की वाढलेली.

आईला काय सांगायचं याची तालीम झाली. “आजकाल सगळेच ठेवतात” हे वाक्य आयांना पटल्याचं आठवत नाही. त्याऐवजी: “आई, सगळं बरं आहे, कुणी गेलं नाही. कामावर पोरगा समजतात म्हणून ठेवलीये. दर आठवड्याला नीट करून घेतो, पुढच्या वेळी बघ.” काळजीला उत्तर आधी, दाढीला नंतर. आणि पुढच्या वेळी खरंच नीट करून जायचं.

नीट म्हणजे कशी, तर बहुतेकांची चूक मानेवर होते. मान सरळ ठेवून कंठमण्याच्या वर दोन बोटं आडवी धरायची. वरच्या बोटाची जी रेघ, तिथे दाढी संपली पाहिजे, आणि तिथून दोन्ही कानांच्या मागे वर जाणारी गोल कमान. त्याखालचं सगळं साफ. सलूनमध्ये हे तोंडाने सांगावं लागतं, नाहीतर कारागीर थेट जबड्याच्या हाडावर रेघ ओढतो, आणि मान खाली घातली की हनुवटीखालचं मांस दाढीबाहेर लोंबल्यासारखं दिसतं. गालावरची रेघ जितकी नैसर्गिक तितकी बरी, फक्त सुटे केस काढायचे. कल्ले कानापाशी आखूड, खाली येत हनुवटीशी लांब.

खाज पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुटते, कारण वस्तऱ्याने कापलेल्या केसाचं टोक धारदार असतं. सौम्य शांपूने आठवड्यातून दोन-तीनदा धुऊन, ओलसर असतानाच खोबरेल तेलाचे तीन-चार थेंब बोटांच्या पेरांनी मुळाशी लावले की भागतं. कुरळे केस आत वळून केसतोड होत असेल तर फोडू नये, चिमट्याने उपटू नये. वस्तरा फिरवल्याने दाढी दाट येते हा समज 1928 सालीच मोजून खोटा ठरवला गेलाय, सलूनमध्ये अजून बातमी पोचायची आहे. अनेकांची दाढी तिशीपर्यंत भरत जाते. अचानक नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई असू शकते, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. याला एका मित्राने मिनॉक्सिडिलची बाटली दिली होती. ते डोक्यासाठीचं औषध आहे, दाढीसाठी मंजूर नाही. धडधड, त्वचेची आग असे त्रास होतात आणि घरात मांजर असेल तर तिला ते विषारी ठरतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये म्हणून बाटली बंद झाली.

मग प्रयोग. दाढी दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढते, महिन्याला सेंटिमीटरभर. त्यामुळे लांबी बदलून बघायची तर उतरत्या क्रमाने बघावी, चढत्या क्रमाने गेलात तर दोन महिने जातील. ट्रिमरला आधी 10 मिलिमीटरची कंगवी, दोन आठवडे. मग 4 मिलिमीटर, दोन आठवडे. मग सफाचट. प्रत्येक टप्प्याला तीच वही. सफाचट करायचं ते सुट्टीच्या आदल्या रात्री, कारण दाढीखालची कातडी उन्हाने रापलेली नसते. एकदोन दिवस गाल-हनुवटी फिकट दिसतात आणि लोक पुन्हा तब्येत विचारतात.

एक नोंद वेगळी होती. मिशी बारीक केलेल्या दिवशी एका सोसायटीच्या वॉचमनने त्याला अडवून नाव विचारलं, आडनाव ऐकल्यावर सोडलं. ही नजर दाढीवर नसते, दाढीवरून बांधलेल्या धर्माच्या अंदाजावर असते. तिच्यासाठी ट्रिमरची कुठलीही कंगवी सुचवलेली नाही. खोट बघणाऱ्याची आहे, एवढंच त्याच्याशी बोलणं झालं.

सफाचटची पाळी यायच्या आतच कारखान्याने निकाल लावला. त्याची बदली पेंटशॉपला झाली. तिथे रबरी कडेचा रेस्पिरेटर लागतो, आणि कडेखाली खुंट असले तर वाफ आत शिरते. मास्क घट्ट बसण्याची चाचणी दाढीवर घेतच नाहीत. मास्कच्या आत राहणारी, कडेला न लागणारी मिशी तेवढी चालते. रविवारी रात्री त्याने मिशी सोडून सगळं काढलं.

“पुन्हा पोरगा,” सोमवारच्या पानावर तिसऱ्या रकान्यात त्याने लिहिलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला 2000 चा एक प्रयोग त्याला आधी सांगून झाला होता. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवायचं आणि किती जणांनी तो ओळखला असेल हे विचारायचं. घालणाऱ्याचा अंदाज निम्म्यांचा, प्रत्यक्षात जेमतेम पाव. हे त्याने तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

वहीत त्या आठवड्याच्या नोंदी अशा आहेत. सोमवार: दोघे म्हणाले, “साहेब, बरी होती की दाढी.” मंगळवार: कुणीच काही नाही. बुधवार: आईचा व्हिडिओ कॉल, “मिशी राहू दे.” गुरुवार: ज्याच्या धाकाने दाढी ठेवली तो सगळ्यांत जुना फिटर, जेवताना समोरच्या बाकावर बसून, तोंडात घास: “सर, चष्मा बदलला का हो?” तिसरा रकाना कोरा आहे.